टिकटिक आली की टॅपेट कसा, हा सल्ला आता पुरे

शेवटचा गिअर:
काल या मंचावर एका सदस्याने आपल्या १९९८ च्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० बद्दल विचारले होते की, सकाळी थंड इंजिन सुरू केले की टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापले की ती आपोआप विरते, तर काय करावे. त्यावर 'घाटमाथा' यांनी दोन ओळींत निकाल दिला: टॅपेट (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली झडप, दाबून उघडणारा भाग) कसून घ्या आणि २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल घाला. अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला भाग पडले.

या इंजिनात टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, रॉकरवरच्या स्क्रूने आणि तो जखडणाऱ्या चेकनटने ठरते, आपोआप जुळवून घेणारी हायड्रॉलिक यंत्रणा त्यात नाही. हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि ते तापल्यावर व्हॉल्व्हपेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे गरम इंजिनात टॅपेटचे अंतर वाढते. कंपनी थंड आणि गरम इंजिनासाठी दोन वेगळी मापे देते, आणि त्यांत गरम इंजिनाचे माप मोठे असते. मग टॅपेट ढिले असते तर आवाज तापल्यावर टिकला असता, कदाचित वाढलाही असता. थंडीत येणारा आणि तापल्यावर जाणारा आवाज पाहिला की संशय आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या) पॅकिंगवर जायला हवा. सांध्यातून धूर फटीने सुटतो तेव्हा अगदी टॅपेटसारखाच टिक आवाज येतो, आणि लोखंड तापून पसरले की फट मिटते.

आवाज नको म्हणून टॅपेट मापापेक्षा कसले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. तेवढा वेळ त्याला मिळाला नाही तर तो जळतो आणि हेड उतरवावे लागते. हलकी टकटक करणारे टॅपेट परवडतात, मुके टॅपेट परवडत नाहीत.

घाटमाथा:
आपला लेख वाचला. पुस्तकी ज्ञानाबद्दल आदर आहे, परंतु आमच्या घरची ८०० चिपळूण-कराड रस्त्यावर कुंभार्ली घाटात वर्षानुवर्षे चालली आहे आणि तिचे टॅपेट मी स्वतः उभा राहून करून घेतले आहेत. सकाळचा आवाज का येतो, याचे साधे कारण असे की रात्रभरात ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) उतरते आणि सुरुवातीला रॉकरपर्यंत पोहोचत नाही. पोहोचले की आवाज जातो. आमच्या गाडीत दाट ऑइल घातल्यावर फरक पडला, आणि तो घरातल्या सर्वांनी ऐकला. आपण न पाहिलेल्या गाडीचे निदान करता आणि आम्ही पाहिलेल्या गाडीचे खोटे ठरवता, हे मला रुचले नाही.

मूळचा नाशिककर:
घाटमाथा, ऑइल वर उशिरा पोहोचते हे आपलेच म्हणणे धरले, तरी दाट ऑइल त्याहून उशिरा पोहोचेल. ग्रेडचा आकडा मोठा तितके ऑइल दाट. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९, म्हणजे गरम असतानाही हा फरक मोठा आहे. डिसेंबरातल्या निफाडच्या पहाटे तर २०डब्ल्यू ऑइल फारच संथ चढते. आवाज कमी भासला असेल तर तो दाट थरामुळे दबला असेल. कारण जागच्या जागी राहते.

घाटमाथा:
सेंटीस्टोक्स मोजून गाडी घाट चढत नाही! लाखभर किलोमीटर झालेल्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये जागा झालेली असते, आणि उन्हाळ्यात चढावावरून उतरून गाडी स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) उभी केली की ऑइलचा दाब कमी झाल्याचा लाल दिवा लुकलुकतो. अशा इंजिनाला पातळ ऑइल घालून ते मारायचे आहे काय? २०डब्ल्यू-५० या देशात कित्येक वर्षे विकले जाते, ते काय सगळे अडाणी लोक घेतात?

मूळचा नाशिककर:
कुणालाही अडाणी म्हटलेले नाही. झिजलेल्या इंजिनाला ५० ग्रेड उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. मात्र ज्याच्या गाडीचा लाल दिवा लुकलुकतो त्याने आधी प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावून दाब मोजून घ्यावा. दाट ऑइल घालून दिवा विझवणे हे दुखणे झाकणे आहे, आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी दिव्याचा उल्लेखही केलेला नाही. आपण आपल्या गाडीचे दुखणे त्यांच्या गाडीवर लादत आहात.

काळी-पिवळी:
टॅपेट मुके करण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवत, १०८९ सीसीचे इंजिन, नंतर सीएनजीवर केलेले. एका मिस्त्रीने प्रवासी आवाजाची तक्रार करतात म्हणून टॅपेट कसून दिले. गाडी छान गप्प झाली आणि वडील खूश झाले. पुढे एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले, उड्डाणपुलावर गाडी तिसऱ्या गिअरला दम टाकू लागली. हेड उघडले तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी खाच पडलेली होती. सीएनजीवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते आणि व्हॉल्व्ह आत धसत जातो, म्हणजे टॅपेटचे अंतर आपोआपच कमी होत असते. त्यात वरून कसले तर काय उरणार? टॅक्सी उभी राहिली की घरात पैसा येणे थांबते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी 'थोडे कसून घ्या' असे सहज लिहू नये.

गॅरेजवाला, मिरज:
सर्वजण मिस्त्रीला दोष देत आहेत, म्हणून आमची बाजू मांडतो. ग्राहक गाडी आणतो, 'आवाज घालवा' म्हणतो, आणि शोधण्याच्या वेळेचे पैसे मागितले की दुसऱ्या गॅरेजात जातो. हेडचे कव्हर काढून, प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला (पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत) आणून, फिलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) पाती किंचित अडखळत सरकते आहे याची खात्री करत केलेल्या सेटिंगला वेळ लागतो. स्क्रूड्रायव्हरने अंदाजे अर्धा आटा फिरवणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ग्राहकाला तेच स्वस्त वाटते. हा रोग दोन्ही बाजूंचा आहे.

आता मुद्द्याचे. लयीवरून टॅपेट आणि मॅनिफोल्ड ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही आवाज क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एका सिलिंडरमागे एकदाच येतात. लयीने फक्त क्रँकच्या बाजूची ठोक वेगळी काढता येते. थंड इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर काढून अर्थ करावी, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडावी, उघडी लोंबकळत ठेवू नये आणि हाताने तर मुळीच धरू नये. एखाद्या सिलिंडरला आवाज एकदम मंदावला तर गळती त्याच सिलिंडरच्या सांध्याला किंवा प्लगच्या बुडाशी आहे. टॅपेटचा आवाज मात्र वायर काढली तरी तसाच राहतो. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असेल तर ही चाचणी काही सेकंदांतच उरकावी, कारण न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. शिवाय मॅनिफोल्डच्या कडेला काळी काजळीची रेघ दिसते का, हे टॉर्च लावून पाहावे.

घाटमाथा:
गॅरेजवाल्यांची चाचणी मला मान्य आहे, कारण ती काम करणाऱ्या माणसाने सांगितली आहे. तापल्यावर आवाज जातो तर मॅनिफोल्ड आधी पाहावे, इथपर्यंत मी येतो. माप न घेता टॅपेट कसा, असे माझे म्हणणे कधीच नव्हते, ते तसे वाचले गेले. ऑइलबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

शेवटचा गिअर:
तसे वाचले गेले, कारण तसेच लिहिले होते. फिलर गेजचा उल्लेख त्या दोन ओळींत कुठेही नाही. ऑइलचा वाद आपण आणि नाशिककर स्वतंत्रपणे चालवा.

ज्यांची गाडी आहे त्यांना एवढेच सांगणे: काजळी दिसली तर मॅनिफोल्डचे नट लगेच जोर लावून कसू नका. इतक्या जुन्या गाडीत स्टड (नट ज्यांवर बसतात ते हेडमधले बोल्ट) गंजलेले असतात आणि हेडमध्येच तुटतात, मग ते ड्रिल करून काढण्याचा खर्च पॅकिंगच्या अनेक पट होतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, सकाळी इंजिन थंड असतानाच नट हलतो का ते पाहा, आणि नवे पॅकिंग बसवताना मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जा.