मदत हवी आहे: व्यायाम धरला की झोप सुटते, झोप धरली की व्यायाम

नमस्कार मंडळी,

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. काल लिफ्ट बंद होती. सहकाऱ्याबरोबर जिने चढताना तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि फोन आल्याचं नाटक केलं, लागलेली धाप त्याला दिसू नये म्हणून. जागेवर परतल्यावर ठरवलं, आता विचारूनच टाकू.

वय ३९, काम पूर्ण बैठं. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, शिवाय आठवड्यातले तीन दिवस रात्री ९ चा कॉल, कारण समोरची टीम दुसऱ्या टाइमझोनमध्ये आहे. दोन वर्षांत ८ किलो वाढले. डॉक्टर म्हणाल्या, "साखर अजून हद्दीत आहे, पण कुंपणाला टेकली आहे."

वेळच मिळत नाही असं म्हणायचीही सोय उरलेली नाही. फोनने हिशेब दाखवला: रोज सरासरी २ तास १० मिनिटं नुसतं स्क्रोलिंग, त्यातलं बहुतेक रात्री ११ नंतर. म्हणजे वेळ आहे, पण मिळतो तेव्हा मी कशाच्याच कामाची उरलेली नसते. आणि खरं सांगायचं तर ते दोन तास मला सोडवत नाहीत. दिवसभरात तेवढ्याच वेळात माझ्याकडे कुणी काही मागत नाही. झोपलं की लगेच सकाळ, सकाळ झाली की पुन्हा इनबॉक्स. म्हणून झोप पुढे ढकलते. कळतं, पण वळत नाही.

करून पाहिलं नाही असं नाही. जिम लावली, पहाटे साडेपाचला उठून सहा आठवडे नेटाने गेले. पण झोपायला साडेबारा वाजायचेच, म्हणजे हातात पाच तास. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी चारला अशी भूक लागायची की ड्रॉवरमधला बिस्किटांचा पुडा कधी संपला ते कळायचं नाही. वजन हललं नाही, चिडचिड मात्र वाढली. मग रविवारी आठवड्याचं जेवण एकदम करून ठेवायचा प्रयोग केला. बुधवारी तोच डबा उघडताना जेवायची इच्छाच मेली, आणि एकुलती एक मोकळी दुपार ओट्यापाशी गेली ती गेलीच. घड्याळ दर तासाला 'उठा' म्हणून थरथरायचं, तेही नेमकं मीटिंगमध्ये बोलत असताना. ते बंद केलं. आता ते फक्त वेळ दाखवतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना वाचल्या: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे, हे वाचून जरा जीव भांड्यात पडला. चालणं तुकड्या-तुकड्यांत जमेल. ताकदीच्या व्यायामाचं काय? घरीच आठवड्यातून दोनदा २० मिनिटं स्क्वॅट्स आणि पुश-अप्स एवढ्यावर भागेल का? आणि मुख्य प्रश्न: झोप, जेवण, व्यायाम यांतलं आधी काय हातात घेऊ? तिन्ही एकदम धरायला गेले की तिन्ही सुटतात. ज्यांना रात्रीचे कॉल असतात त्यांनी कसं जमवलं, ते वाचायला विशेष आवडेल. 'पहाटे चारला उठा' हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १

आधी झोप. पाच तासांच्या झोपेवर सहा आठवडे जिमला गेलात, याला आळस कोण म्हणेल! दुपारची ती भूक बरीचशी अपुऱ्या झोपेचीच. प्रौढांना किमान सात तास लागतात. दोनदा २० मिनिटं सुरुवातीला पुष्कळ झाली, फक्त प्रत्येक व्यायामाच्या शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या (रेप्स) जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटू लागलं की वाढवा.

एक विचारू? रात्री ९ चा कॉल असतो त्या दिवशी सकाळी ९ ला हजर का असता? उशिरा येण्याबद्दल वरिष्ठांशी कधी बोललात का?

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. भर एवढीच: कॉलच्या दिवशी कॉफी किती वाजता घेता? कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा अंगात असतो. आमच्याकडे हाच घोटाळा होता. आणि आठवड्याचे डबे करू नका, फक्त चिरून-निवडून ठेवा. चव रोज बदलता येते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. कॉफी साडेसहाला घेते, कॉलमध्ये डोळा लागू नये म्हणून! पकडलंत.

आणि नाही, वरिष्ठांना कधीच विचारलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. बाकीचे सगळे ९ ला येतात, म्हणून मीही येते. त्यातल्या कुणालाच रात्रीचा कॉल नसतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मंगळवारी वरिष्ठांशी बोलायची वेळ ठरलेलीच आहे. कॉलच्या दिवशी ११ ला आले तर चालेल का, एवढंच विचारायचं आहे. मागणी आगाऊ वाटू नये अशी वाक्यरचना कुणी सुचवेल का?