मदत हवी आहे: पॉप्युलस द बिगिनिंग, माझे वॉरियर लढायचं सोडून प्रवचन ऐकत बसतात

नमस्कार मंडळी,

गेम जुना आहे, प्रश्नही बहुधा जुनाच असेल. बुलफ्रॉगचा १९९८ सालचा 'पॉप्युलस: द बिगिनिंग'. शाळेत असताना खेळायचो, तेव्हाही मधेच कुठेतरी अडकलो आणि तो कॉम्प्युटरच गेला. आता इतक्या वर्षांनी परत सुरू केला, तर अडकायची जागा अगदी तीच निघाली.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण निळ्या टोळीची शमन. बाई एकटीच, पण जादू येते. लोक वाढवायचे, झोपड्या बांधायच्या आणि डाकिनी (लाल), चुमारा (पिवळे) आणि मटाक (हिरवे) यांचा एकेका जगातून निकाल लावायचा. अशी २५ जगं. शेवटपर्यंत पोचलात की शमनची देवी होते. माझ्या बाईला देवपण यायला अजून बराच अवकाश आहे, सध्या पिवळ्यांनी जेरीस आणलंय.

काल काय झालं ते सांगतो. पाऊण तास खपून २४ वॉरियर तयार केले. शमनला पुढे घातलं आणि सगळी पलटण घेऊन पिवळ्यांच्या वस्तीवर गेलो. समोरून वॉरियर नाही, फायरवॉरियर (लांबून आग फेकणारे) नाही, फक्त दोन प्रीचर (प्रवचन देऊन समोरच्याची माणसं आपल्या टोळीत ओढणारे) चालत आले. झग्यातले, संथ, जसं काही फिरायला निघालेत. त्यांनी हात वर केले आणि माझे लोक मटकन खाली बसले. ब्लास्ट (शमनचा धक्का देणारा मंत्र) मारला, एक प्रीचर उडाला, दुसऱ्याचं चालूच. बघता बघता एकेक निळा पिवळा व्हायला लागला. शमनवर प्रवचनाचा परिणाम होत नाही, त्यामुळे ती बिचारी मधोमध एकटी उभी, आणि मग तिच्याच माणसांनी तिला धोपटली. वर ती सगळी फौज माझ्या वस्तीत येऊन माझ्याच झोपड्या मोडून गेली.

असं तीनदा झालंय. या प्रीचरांचं करायचं काय? आणि दुसरं, माझा माना (स्पेल, म्हणजे शमनचे मंत्र, भरायला लागणारी शक्ती) कधी पुरतच नाही. लायटनिंग (विजेचा स्पेल) भरायची वाट बघत बसतो तोवर समोरची शमन टोर्नेडो सोडून मोकळी. कॉम्प्युटर चीटिंग करतो का?

प्रतिसाद १

चीटिंग नाही हो. नुसते वॉरियर घेऊन प्रीचरसमोर गेलात, म्हणजे सप्ताहाला श्रोते पोचवलेत!

तुमचे स्वतःचे प्रीचर किती? आणि पहिल्या दहा मिनिटांत काय काय करता ते जरा लिहा. बहुतेकांचा घोळ तिथेच असतो, लढाईत नाही.

धागाकर्ता

प्रीचर शून्य. प्रीचर तयार होतात त्या मंदिराला लाकूड घालवण्यापेक्षा आणखी एक ट्रेनिंग हट बरी, असा विचार केला होता. (लिहितानाच लाज वाटतेय.)

सुरुवात अशी: जवळच्या रानटी लोकांना कन्व्हर्ट करतो (स्पेल टाकून आपल्या टोळीत घेतो), सात-आठ मिळाले की पाच-सहा झोपड्या, लगेच वॉरियरची ट्रेनिंग हट. जन्माला आलेला माणूस थेट ट्रेनिंगला. स्पेल सगळे चालू.

प्रतिसाद २

तुमच्या या चार ओळींतच उत्तर आहे. जरा लांबण लागेल, पण लिहितेच.

आधी माना. माना येतो माणसांकडून. जितके अनुयायी जास्त तितका माना जास्त, बाकी कसली खाण-बिण नाही. हा माना जे जे स्पेल भरायचे चालू आहेत त्या सगळ्यांत वाटला जातो. शिवाय ट्रेनिंगलाही माना लागतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तुमच्याकडे माणसं तीस-पस्तीस, त्यांच्या जिवावर सात-आठ स्पेल भरतायत आणि ट्रेनिंग हटमध्ये रांग लागलीय. एका हंड्यातलं पाणी दहा ठिकाणी ओतलंत तर एकही घागर भरायची नाही. स्पेलच्या चित्रावर उजवं क्लिक केलं की त्याचं भरणं थांबतं, परत केलं की सुरू. सुरुवातीला फक्त ब्लास्ट आणि कन्व्हर्ट चालू ठेवा. रानटी संपले की कन्व्हर्ट बंद. मग लायटनिंग एकट्यालाच भरू द्या आणि बघा किती भरभर भरतं ते.

आता माणसं. रानटी लोक मोजकेच असतात आणि समोरची शमनही त्यांच्याच मागावर असते. सात-आठ मिळाले म्हणून परत फिरू नका, दिसतील तेवढे गोळा करा. ब्रेव्हांनी (ट्रेनिंग न झालेल्या साध्या माणसांनी) बांधकाम करायचं, त्या वेळात शमनने रान धुंडाळायचं. घरी बसवून ठेवायची ती बाई नव्हे.

झोपड्या बांधून रिकाम्या ठेवत असाल तर त्यांचा उपयोग निम्माही नाही. आत माणसं जास्त तितका नवीन माणूस लवकर येतो. म्हणून ब्रेव्हांना आधी झोपड्यांत भरा. जवळ लाकूड असलं की झोपडी आपोआप मोठी होते, लहानीत ३, मधलीत ४, मोठीत ५ माणसं मावतात. फक्त एकच रान पार बोडकं करू नका. झाडं परत वाढतात, पण त्यांच्या सवडीने.

आणि जन्माला आला की ट्रेनिंगला, हे आधी बंद करा. वॉरियर लाकूड आणत नाही, घर बांधत नाही. वीस ब्रेव्ह वॉरियर केलेत म्हणजे वस्तीतले वीस हात कमी केलेत. माझा हिशेब असा की वस्ती साठीच्या आसपास जाईपर्यंत दोन-चार पहारेकरी सोडून कुणालाच ट्रेनिंग नाही. याहून लवकर हल्ला करून जिंकणारेही आहेत, पण त्यांची बोटं वेगळ्या मातीची असतात.

आता प्रीचर. एक प्रीचर दुसऱ्या प्रीचरला बदलू शकत नाही. समोरासमोर आले की दोघेही प्रवचन सोडून हातघाईवर येतात. म्हणून फौजेच्या पुढे आपले चार-सहा प्रीचर हवेतच. मागे फायरवॉरियर, कारण ते लांबून मारतात आणि समोरचा प्रवचनाच्या टप्प्यात यायच्या आत आडवा होतो. मात्र फायरवॉरियर बेसावधपणे जवळ गेले तर तेही मांडी घालतात. वॉरियर सगळ्यात शेवटी. प्रीचर संपले की त्यांना सोडा, मग ते घरात घुसून घर मोडतात.

तुमची लोकं बसली आणि अजून निळी आहेत, तोवर काहीच बिघडलेलं नसतं. प्रीचर मेला किंवा उडाला की ती उठतात. तुम्ही एकाला उडवलंत आणि दुसरा राहिला, चूक एवढीच. ब्लास्ट दोघांवर हवा होता.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त एक भर. प्रीचरांवर स्वॉर्म टाकून बघा. किडे मागे लागले की प्रवचनकार झगा सावरत पळत सुटतात. मला या गेममधलं सगळ्यात आवडतं दृश्य कुठलं विचाराल तर ज्वालामुखी नाही, हे.

लायटनिंग मात्र किरकोळ माणसांवर उधळू नका. ते समोरच्या शमनसाठी. ती मेली तरी तिचे लोक उरलेत तोवर आपल्या दगडांच्या वर्तुळात परत जन्म घेते, पण मधल्या वेळात तिच्या वस्तीवर जादू करणारं कुणी नसतं. हल्ला तेव्हाच चढवायचा.

प्रतिसाद ४

अवांतर: याला गॉड गेम (देव होऊन खेळायचा गेम) म्हणतात याचंच मला नवल वाटतं. १९८९ चा पहिला पॉप्युलस खेळलाय का कुणी? तिथे एकेका माणसाला हुकूम देता येत नव्हता. आपण जमीन वर-खाली करायची, सपाट जागा मिळाली की लोक आपण होऊन घर बांधायचे. देव असावा तर तसा, हात न लावता काम करून घेणारा. इथे एकेका माणसाला धरून 'जा, लाकूड आण' सांगावं लागतं. याला मुकादम म्हणा.

प्रतिसाद २ (पुन्हा)

मुकादम म्हणा हवं तर, पण समोर समुद्र असताना लँडब्रिज टाकून पाण्यातून जमीन वर येताना बघितली की मला तरी तक्रार उरत नाही. शिवाय गोष्ट आधीच्या काळातली आहे, बाई अजून देव व्हायचीय. तोवर मुकादमकी करणारच. असो, धागा मदतीचा आहे.

धागाकर्ते, एक राहिलं. शमनला उंचावर उभी करा, टेकडीवर किंवा टॉवरमध्ये. उंचीवरून तिचा स्पेल लांब पोचतो. टॉवरमधल्या फायरवॉरियरचंही तेच. वस्तीच्या तोंडाशी असे दोन टॉवर असले तर निम्मे हल्ले तिथेच विरतात.

प्रतिसाद ५

टॉवर सगळे एकाच बाजूला बांधू नका! जग गोल आहे इथे. मी एकदा समोरचा किनारा किल्ल्यासारखा बांधून काढला होता, मागे नुसता समुद्र म्हणून निर्धास्त. हिरवे बोटीतून पाठीमागून आले आणि चहापाण्याला यावं तसे वस्तीत शिरले. नकाशा फिरवून बघत चला.

कुणाच्या नव्या मशीनवर चित्र बिघडत असेल तर गेमच्या फोल्डरमध्ये चालवायच्या दोन फायली असतात, एक साधी आणि एक डीथ्रीडीवाली (थ्रीडी ग्राफिक्सची). एकीने दगा दिला तर दुसरी चालवून बघा.

धागाकर्ता

मंडळी, आज सुट्टी होती. तेच जग पहिल्यापासून घेतलं.

स्पेल बंद करायचे हे मला खरंच माहीत नव्हतं. दोनच चालू ठेवले तर कन्व्हर्ट इतकं पटापट भरलं की मी रानटी शोधत पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेलो. तिथे पिवळी शमन त्याच कामाला आलेली! ती पाण्याच्या कडेला उभी होती, मी ब्लास्ट मारला, ती थेट समुद्रात. तेवढ्यात पाच रानटी माझे झाले.

अर्ध्या तासात वस्ती ६३ वर गेली. हात शिवशिवत होते तरी तोवर फक्त तीन वॉरियर. मग मंदिर, सहा प्रीचर, दहा फायरवॉरियर आणि उरलेले वॉरियर मागे. पिवळ्यांचे तेच दोघे झगेवाले चालत आले. एकावर स्वॉर्म टाकला, तो बोंबलत झाडीत गेला. दुसऱ्याशी माझे प्रीचर भिडले. मग लायटनिंग, शमन खलास, आणि वॉरियर आत.

गडबडीत माझे आठ-नऊ जण तरी पिवळे झालेच. फायरवॉरियर जरा जास्तच पुढे गेले, इशारा मिळाला असूनही. पण नंतर माझे प्रीचर त्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि ते सगळे पुन्हा मांडी घालून बसले. एकेक करून परत निळे झाले. त्या वेळी मी माउसवरून हात काढून नुसता बघत होतो.

आता नवीन पंचाईत. पिवळ्यांची एकही झोपडी उरली नाही, शमन परत आलेली नाही, तरी जग संपत नाहीये. वीस मिनिटं शोधतोय. झाडी धुंडाळली, टेकड्या झाल्या. कुणीतरी एक लपलाय.

प्रतिसाद ५ (पुन्हा)

जमीन सोडा, पाणी बघा. नकाशावर समुद्रात एखादा पिवळा ठिपका आहे का?

धागाकर्ता

आहे! मागच्या बाजूला, बोटीत. एकटाच बसलाय, ना पुढे ना मागे.

माझ्याकडे बोटघर नाही. लायटनिंग भरायला लावलंय आणि शमनला किनाऱ्यावरच्या टेकडीवर चढवतोय.