अंगठ्याची बाजू बाहेरची कशी?
एक प्रश्न असा की हात सैल सोडून उभं राहिलं तर अंगठा मांडीकडे वळतो, मग शरीररचनेच्या पुस्तकात त्या बाजूला 'बाहेरची' का म्हणतात? कारण शरीररचनेतल्या सगळ्या दिशा एकाच ठरावीक स्थितीत मोजतात: ताठ उभं, नजर समोर, तळहात पुढे. तसं उभं राहून बघाच, अंगठा शरीराच्या मध्यरेषेपासून दूर, म्हणजे बाहेर जातो. कोपर ते मनगट दोन हाडं असतात, अंगठ्याकडे रेडियस, करंगळीकडे अल्ना. या स्थितीत ती समांतर राहतात. तळहात मागे फिरवला की रेडियस अल्नावरून तिरकं जातं, अंगठा आतल्या बाजूला येतो, आणि गोंधळ नेमका इथे होतो.

शिवाय आकृतीतलं डावं-उजवं त्या शरीराचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. म्हणूनच समोरून काढलेल्या चित्रात शरीराच्या उजव्या बाजूचं यकृत आपल्या डाव्या हाताला दिसतं.