फोनवरून सापाचे विष उतरवण्याचा दावा : मंत्र चंदगडचा, रुग्ण खानापूरचा, मग कायदा कोणाचा?

जंगलपट्टीकर (खानापूर तालुका)

नमस्कार. आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटात नुकताच एक संदेश फिरला. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातील एक गृहस्थ सर्पदंशाचे विष फोनवरून उतरवतात, रुग्णाचे नाव, त्याच्या आईचे नाव आणि साप कोणत्या दिशेला गेला एवढे सांगितले की पुरे, मात्र आधी दवाखान्यात नेल्यास मंत्राला गुण येत नाही, असे त्यात लिहिले होते. मंत्रवलेल्या दोऱ्याने मधुमेहही जातो, अशी जोड खाली होती आणि दक्षिणेसाठी क्यूआर कोड दिलेला होता. भाताच्या लावणीचे दिवस तोंडावर असताना हा संदेश पाहून मी एवढेच लिहिले की हा दावा खोटा आहे आणि यावर विश्वास ठेवला तर माणूस दगावेल.

त्यानंतर गटात जे झाले ते तुम्ही ओळखले असेलच. मी देवाचा अपमान केला, धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार होईल, असे एकाने बजावले. दुसऱ्याचे म्हणणे असे की जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राचा आहे, आपण कर्नाटकात राहतो, तेव्हा तो दाखवून उपयोग नाही. तिसऱ्याने थेट विज्ञानच पुढे केले : लहरींमधून आवाज शेकडो मैल जातो, मग मंत्राची शक्ती का जाऊ नये? याचे उत्तर मला त्या वेळी धड देता आले नाही. अशा प्रकाराला कोणत्या राज्याचा कायदा लागतो, असे लिहिल्याबद्दल माझ्यावर गुन्हा होऊ शकतो का, आणि वयाने मोठ्या मंडळींना न दुखावता हे कसे पटवावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

वकील, बेळगाव

कायदा फक्त महाराष्ट्रात आहे हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. महाराष्ट्राचा कायदा 2013 चा. त्या वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. कर्नाटकाने स्वतःचा कायदा 2017 मध्ये केला आणि तो जानेवारी 2020 पासून अमलात आहे. महाराष्ट्रात शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, तर कर्नाटकात किमान शिक्षाच एक वर्षाची आहे, म्हणजे या बाबतीत आपल्याकडचा कायदा थोडा कडकच आहे. दंड दोन्हीकडे पाच ते पन्नास हजार रुपये. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हे दोन्ही कायद्यांच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, स्पष्ट नमूद आहे. नुसता मंत्र म्हणणे हा गुन्हा नाही. उपचार अडवणे हा गुन्ह्याचा गाभा आहे, आणि तुम्ही सांगता त्या संदेशात ‘दवाखान्यात नेल्यास गुण येत नाही’ हे वाक्य आहे, ते नेमके तिथेच जाऊन बसते. अशा प्रथेचा प्रचार आणि प्रसार करण्यासही मनाई आहे, त्यामुळे संदेश उत्साहाने पुढे ढकलणाऱ्यांनीही जरा थांबून विचार करावा.

आता सीमेचा प्रश्न. बोलणारा चंदगडात बसला आहे, म्हणून त्याच्या कृतीला महाराष्ट्राचा कायदा लागण्यात अडचण दिसत नाही. परिणाम खानापुरात घडला, तर कृती जिथे झाली किंवा तिचा परिणाम जिथे झाला, अशा कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात चौकशी होऊ शकते. हे तत्त्व जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 199 मध्येही आहे. दक्षिणा घेऊन फसवणूक झाली असेल तर कलम 202 पाहावे : इलेक्ट्रॉनिक माध्यमातून फसवणूक झाल्यास संदेश जिथून निघाला आणि जिथे पोचला, ती दोन्ही ठिकाणे चालतात. हद्दीचे कारण सांगून पोलिसांनी परत पाठवू नये यासाठी कलम 173 मध्ये कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवण्याची सोय आहे, तिलाच लोक ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. थोडक्यात, सीमेच्या आडोशाला उभे राहून सुटका होत नाही.

मधुमेहाचा दोरा हे वेगळे प्रकरण आहे आणि त्यासाठी राज्याच्या कायद्याची गरजही नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा केंद्रीय कायदा 1954 चा आहे आणि तो देशभर लागू आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि ‘जादूचा उपाय’ या व्याख्येत ताईत, मंत्र व कवच यांचा समावेश आहे. जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणेबरोबरच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणाही धरली आहे. ज्यांनी हे 1954 साली लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइल असणे शक्यच नव्हते, पण पडद्यावरचा संदेश त्या शब्दांत आपोआप सामावतो.

तुमच्यावर गुन्हा होईल का? धार्मिक भावनांबाबतचे कलम, म्हणजे पूर्वीचे 295अ, आता भारतीय न्याय संहितेत 299 या क्रमांकाने आहे. त्यासाठी जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा अपमान केलेला असावा लागतो. 1957 मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण त्याच निकालात असेही सांगितले की अनवधानाने किंवा तशा हेतूवाचून झालेला अपमान या कलमात बसत नाही. शिवाय शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून न्यायालय या कलमाखालील गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. ‘हा उपचार खोटा आहे’ हे विधान उपचाराबद्दल आहे, देवाबद्दल नाही. मात्र ही भाषा शेवटपर्यंत टिकवा. रागाच्या भरात देवस्थानावर किंवा एखाद्या समाजावर एक वाक्य गेले की वाद दुसऱ्याच वाटेला लागतो आणि तक्रार करणाऱ्याला आयतेच निमित्त मिळते.

निवृत्त विज्ञान शिक्षक, निपाणी

वकीलसाहेबांनी कायद्याचे सांगितले, मी लहरींबद्दल लिहितो. फोन आवाजाचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो आणि पलीकडच्या फोनमध्ये त्या संकेतांचा पुन्हा आवाज होतो. पलीकडे आवाजच पोचतो, आणि तोही रुग्णाच्या कानापर्यंत. विष मात्र कानात नसते. मण्यारीच्या विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या टोकांशी जाऊन बसतात, तिथून स्नायूला मिळणारी आज्ञा तुटते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकते. समोर बसून म्हटलेल्या मंत्राने जे होत नाही ते फोनवरून कसे होईल, एवढे विचारले तरी लहरींचा युक्तिवाद संपतो.

पण मग लोकांना गुण येताना दिसतो तो कशामुळे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून कोणी ऐकत नाही. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या साठेक विषारी आहेत. आपल्या शेतात वारंवार दिसणारी धामण किंवा दिवड बिनविषारी. शिवाय विषारी साप प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही, कोरडा दंशही होतो. असे रुग्ण काहीही केले नाही तरी वाचणारच होते, पण श्रेय मांत्रिकाला मिळते आणि त्यांची गोष्ट दहा गावांत सांगितली जाते. जो दगावला त्याच्या घरचे ‘वेळ भरली होती’ म्हणून गप्प बसतात, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. यशाची नोंद राहते आणि अपयशाची राहत नाही, एवढ्या एका कारणावर ही सगळी कीर्ती उभी आहे.

मण्यारीच्या बाबतीत तर हा खेळ फार घातक ठरतो. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत जवळजवळ नाही, खूणही नीट दिसत नाही आणि लक्षणे काही तासांनी सुरू होतात. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो. नेमक्या याच वेळात फोनवर मंत्र होतो आणि ‘उतरले’ असे जाहीर होते.

आणखी एक. तुम्हाला तक्रारीची धमकी आली म्हणून हे लिहितो. दाभोलकरांसारखेच विवेकवादी असलेल्या गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, एम. एम. कलबुर्गी यांचा खून धारवाडला झाला, दोन्ही 2015 मध्ये, आणि आपले बेळगाव या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर आहे. तेव्हा आणखी धमकी आली तर तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि ती हसण्यावारी नेऊ नका.

माळकरी, उचगाव

मला या चर्चेचा सूर पटत नाही. माझे आजोबा विष उतरवत असत. त्यांनी कधी पैसा घेतला नाही, उलट मध्यरात्री कंदील घेऊन चार गावे चालत गेले. त्या काळी दवाखाना होता कुठे? घाबरलेल्या माणसाला धीर देणारा कोणीतरी होता, हे काय कमी आहे? तुम्ही शिकलेली मंडळी सगळ्यांना एकाच मापाने मोजता आणि क्यूआर कोड लावणाऱ्या भामट्याबरोबर आमच्या आजोबांनाही गुन्हेगार ठरवता. शिवाय असे कायदे आमच्याच परंपरांना दिसतात, इतरांच्या नाही, अशी भावना गावात आहे आणि ती उगाच नाही.

वकील, बेळगाव

माळकरी काका, आपल्या आजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहितो. अनुसूचीत कोणत्याही धर्माचे नाव नाही, कृत्ये सांगितली आहेत, आणि ती करणारा कोणत्याही धर्माचा असो, कायदा तोच आहे. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना दोन्ही कायद्यांत स्पष्ट सूट आहे. ज्योतिष आणि वास्तुशास्त्रही सुटले आहे, यावर अनेक विवेकवादी अजून नाराज आहेत. कायदा कडक झाला असे एका बाजूला वाटते आणि फारच सौम्य झाला असे दुसऱ्या बाजूला, एवढे मात्र खरे. आपले आजोबा दवाखाना नसताना धावून गेले. दवाखाना असताना तिकडे जाऊ नका असे सांगणाऱ्याची तुलना त्यांच्याशी करणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे, असे मला वाटते.

परिचारिका, खानापूर

काकांच्या बोलण्यातला एक भाग मात्र कोणी खोडू नये. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूच्या वस्त्यांवरून पावसाळ्यात रुग्ण आणणे किती अवघड असते हे इथे राहणाऱ्यालाच कळते. ओढ्याला पाणी आले की वाट बंद, मोबाइलला रेंज नाही, आणि गाडी मिळाली तरी आमच्याकडून पुढे बेळगावला पाठवावे लागेल की काय ही धाकधूक असतेच. माणसे मांत्रिकाकडे जातात ती नुसत्या श्रद्धेने जात नाहीत, तो जवळ असतो म्हणूनही जातात. आता तर तो खिशातल्या फोनमध्येच आला आहे. कायद्याची कलमे वाचून दाखवल्याने हे अंतर कमी होत नाही.

आम्ही दवाखान्यात नेमके काय करतो हेही लोकांना सांगायला हवे, कारण ‘एक सुई देतात आणि पुढे पाठवतात’ एवढीच समजूत आहे. थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात उतरल्याचे समजते. पापण्या, श्वास, सूज पुन्हा पुन्हा पाहतो. विषबाधेची लक्षणे असतील तरच प्रतिविष देतात, तेही साधारण आठ-दहा कुप्यांपासून सुरू करून. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेले असते. घाटातल्या चापडा या विषारी सापासाठी ते बनवलेले नाही, पण तिथेही सूज, रक्तस्राव आणि मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवायला डॉक्टरच लागतात. मण्यारीचे विष तंतूंच्या टोकांशी एकदा बसले की प्रतिविष ते सोडवू शकत नाही, रक्तात फिरणारे विष तेवढे निकामी करते. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णाला कृत्रिम श्वासावर दिवसच्या दिवस ठेवावे लागते. फोनवर गेलेला एक तास असा महाग पडतो.

‘मंत्रही म्हणा आणि दवाखान्यातही जा’ ही तडजोड मी पुष्कळदा ऐकते. आधी 108 ला फोन लागला असेल, गाडी निघाली असेल, तर वाटेत कोणी काय म्हणावे याला माझी हरकत नाही. पण बहुतेक घरांत क्रम उलटा असतो, आणि त्यातच दोरीने पाय करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, पाला चोळणे हेही होते. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, अंगठ्या व जोडवी काढा, पाय किंवा हात हलू न देता आडवे ठेवून आणा, एवढे जरी गटात गेले तरी पुष्कळ होईल. रात्री मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपल्याने मण्यारीचे दंश टळतात, हेही घाला. कर्नाटकात 2024 पासून सर्पदंशाची प्रत्येक नोंद शासनाला कळवणे बंधनकारक आहे, पण जो रुग्ण आमच्यापर्यंत पोचतच नाही त्याची नोंद आम्ही कशी करणार?

माळकरी, उचगाव

ताईंचे म्हणणे मान्य आहे. आधी गाडी, मग मंत्र. कायद्याबद्दलचे माझे मत तेच आहे.

जंगलपट्टीकर (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. ताईंच्या सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत गटात टाकणार आहे आणि जुना वाद उकरून काढणार नाही. त्या गृहस्थांचे नाव आणि क्रमांक जाहीर लिहावा का? आणि आमचा गटप्रमुख घाबरला आहे, तो संदेश आपल्या अंगावर येईल असे त्याला वाटते.

वकील, बेळगाव

नाव जाहीर लिहू नका, बदनामीचा दावा ओढवून घेण्यात अर्थ नाही. तारीख, वेळ, संदेश आणि क्यूआर कोड यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा व लेखी तक्रार पोलिसांत द्या. महाराष्ट्रात या कायद्यासाठी दक्षता अधिकारी असतात, त्यामुळे एक प्रत चंदगडच्या ठाण्यालाही पाठवता येईल. पैसे भरलेल्या कोणाची पावती मिळाली तर तक्रारीला बळ येईल. गटप्रमुखाबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे की समान हेतू दाखवल्याशिवाय दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. तरीही मूळ संदेश काढून टाकण्याचा अधिकार त्याच्या हातात आहे, स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर तो त्याने वापरावा.