बीपी आहे, टर्फवर फुटबॉल खेळावा का?

पन्नाशीच्या_अलीकडे:
वय ४६. बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी, तरी बीपी १४४/९२ च्या आसपास. सोसायटीतली मंडळी आठवड्यातून दोनदा रात्री टर्फ घेतात. डॉक्टर म्हणाले, 'व्यायाम करा'. चालण्याऐवजी हे चालेल का?

खडूसकोच:
कोपनहेगनला पीटर क्रूस्ट्रुप यांच्या गटाने हेच तपासलंय. ३१ ते ५४ वयाचे, व्यायामाची सवय नसलेले, बीपी असलेले ३३ पुरुष. काहींना आठवड्यातून दोनदा तासभर फुटबॉल, बाकीच्यांना नेहमीचा डॉक्टरी सल्ला. सहा महिन्यांनी फुटबॉलवाल्यांचा वरचा आकडा सरासरी १५१ वरून १३९, खालचा ९२ वरून ८४ (२०१३ मध्ये प्रसिद्ध). सल्लावाल्यांचं बीपीही उतरलं, पण कमी. ३३ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि गोळी सोडायचा परवाना तर मुळीच नव्हे.

फायदा येतो तो छोट्या मैदानामुळे. पाच विरुद्ध पाचमध्ये चेंडू सारखा पायाशी येतो. धाव, थांब, वळ, परत धाव. अकराच्या संघात मागे उभं राहून गप्पा मारता येतात. गोलकीपर दर पाच मिनिटांनी बदला, नाहीतर सगळ्यात जाडा माणूस तासभर गोलातच राहतो, आणि खेळायची गरज त्यालाच असते.

आधी १०-१५ मिनिटं वॉर्मअप. टर्फचं भाडं तासावर असल्यामुळे लोक हाच वाचवतात आणि पोटरी धरून बसतात. वॉर्मअप गेटबाहेर करा, तिथे भाडं नाही. मग १०-१० मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. पहिले तीन-चार आठवडे दोनच डाव. संपल्यावर मटकन बसू नका, पाच मिनिटं चाला. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं, बीपी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

औषधवाला_काका:
चाळिशीनंतर बीपी असेल तर सुरुवातीआधी ईसीजी आणि गरजेप्रमाणे टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी), हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या दिवशी घरी १८०/११० किंवा वर दिसलं तर बूट पिशवीतच राहू द्या. खेळताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर लगेच थांबून हॉस्पिटल गाठा, 'गॅस असेल' म्हणू नका.

संघात कुणी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलवर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीपीच्या गोळ्या) असेल तर त्याने स्मार्ट घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर विसंबू नये, ते औषधाने दबलेले असतात. धापेवर जावं: दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत.

पन्नाशीच्या_अलीकडे:
गुडघा दुखला तर कॉम्बिफ्लाम चालते ना?

औषधवाला_काका:
नको! त्यात आयब्युप्रोफेन आहे. ते मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं, बीपी चढवतं आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतं. जोडीला पाणी काढणारी गोळी (उदा. हायड्रोक्लोरोथायाझाइड) आणि घामाने कोरडं पडलेलं शरीर असेल तर किडनीवर ताण. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तेच. बर्फ लावा, लागली तर साधी पॅरासिटामॉल. आणि तासभराच्या खेळाला पाणी पुरतं, मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस लागत नाही.

मोजमाप:
खेळून आल्यावर बीपी मोजून खूश होऊ नका. व्यायामानंतर ते काही तास उतरलेलंच असतं. खरा आकडा सकाळचा: लघवीला जाऊन या, चहा आणि गोळीच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, कफ उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला, मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवडाभराची सरासरी लिहून डॉक्टरांना दाखवा.

आणि टर्फ मिळाला नाही म्हणून कबड्डी किंवा रस्सीखेच नको. दम कोंडून जोर लावला की बीपी त्या क्षणापुरतं भलतंच उसळतं.