मदत हवी आहे: मोनोलिथ फोडायचा की आहे तोच नीट करायचा?

मंडळी, आमचं बिलिंग आणि स्टॉकचं जुनं सॉफ्टवेअर आहे, जावा-स्प्रिंगमधलं, सगळं एकाच पोटात (म्हणजेच मोनोलिथ) आणि डेटाबेसही एकच. टीम सहा जणांची. वरून हुकूम आलाय की मायक्रोसर्व्हिसेस करा (म्हणजे प्रत्येक कामाची वेगळी छोटी सर्व्हिस), सगळे करतायत म्हणून (हे कारण ऐकूनच डोकं फिरतं).

स्टॉकची सर्व्हिस वेगळी काढली, पण टेबलं तीच राहिली, त्यामुळे एक कॉलम बदलला की दोन्हीकडे रिलीज करावं लागतं, म्हणजे वेगळं करून मिळवलं काय? आणि खरी गोची पुढेच आहे, बिल सेव्ह होतं पण काफ्कावर (सर्व्हिसेसमध्ये मेसेज पोचवणारी सिस्टिम) मेसेज टाकायच्या आधीच सर्व्हर पडला तर स्टॉक कमीच होत नाही, मग महिनाअखेरीला हिशोब जुळवत बसा. यावर आउटबॉक्स पॅटर्न वाचला, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेज एका टेबलात लिहायचा आणि नंतर तिथून पाठवायचा. पटलं. पण पाठवायला साधा पोलर (ठराविक वेळाने ते टेबल तपासणारा प्रोग्रॅम) पुरतो की डेबेझियम (डेटाबेसचा लॉग वाचून बदल पुढे पाठवणारं टूल) लावायचं? मेसेज दोनदा गेला तर डबल कपात टाळायला तुम्ही मेसेज आयडी किती दिवस साठवता?

मला स्वतःला मॉड्युलर मोनोलिथ (अ‍ॅप एकच, पण आतले भाग नीट वेगळे) बरा वाटतो. २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका टीमनेच व्हिडिओ क्वालिटी तपासणारं टूल सर्व्हरलेसवरून (क्लाउडवरच्या सुट्या सुट्या तुकड्यांवरून) एका प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला असं लिहिलं होतं, पण आमचं काम वेगळं, तो दाखला मीटिंगमध्ये चालेल का?

कोणी एवढ्या छोट्या टीमने हे केलं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी डिझाइन रिव्ह्यू आहे.