मोपाला सेल्फ ड्राइव्ह गाड्यांच्या कंपनीत नोकरी मिळतेय, हे काम कुणी केलंय का?

कुडाळचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा, वय २३, बीकॉम झालंय. गोव्यातल्या मोपा विमानतळाजवळ भाड्याने गाड्या देणाऱ्या एका कंपनीने हँडओव्हरच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला गाडी देण्या-घेण्याच्या कामासाठी बोलावलंय. पगार १६ हजार, खोली कंपनीची, चौघांत एक. मुलाखतीत एवढंच विचारलं की गाडी येते का, हिंदी येतं का, रात्रपाळी चालेल का. आई म्हणते हे ड्रायव्हरचंच काम, मग बीकॉम कशाला केलंस. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. प्रत्यक्षात दिवसभर काय करावं लागतं? पुढे काही वाव आहे का? आत काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

बांद्याची_ताई

आईला सांग, हे ड्रायव्हरचं काम नाही. गाडी चालवायची ती यार्डापासून विमानतळापर्यंत आणि परत. खरं काम गाडी बघण्याचं आहे, आणि ते शिकायला मला दोन सीझन लागले.

मी बांद्याची. २०१८ ला दाबोळी विमानतळाच्या बाजूला लागले, वास्कोत खोली करून राहायचे. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, त्याच वर्षी इकडे बदलून आले. आता पत्रादेवीवरून घरून ये-जा करते.

विमान उतरलं की माणसं बाहेर येतात. दोन लहान मुलं, चार बॅगा, एसीतून एकदम उन्हात. त्यांना वाटतं चावी द्या आणि सोडा. आणि पुढची सगळी भांडणं या घाईतच जन्माला येतात. आधी लायसन्स. मूळ कार्ड किंवा डिजिलॉकरमधलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घ्यायचा नाही. त्यावर कारचा उल्लेख आहे का ते वाच, कारण कित्येकांचं फक्त मोटारसायकलचं असतं आणि त्यांच्या ते लक्षातही नसतं. परदेशी पाहुण्यांकडे त्यांच्या देशाच्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट हवं. मोरजी-हरमलकडे जाणारे बरेच जण ते घरीच विसरून येतात. अशा वेळी गाडी नाकारायची. समोरचा चिडतो, पण पुढे अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

मग व्हिडिओ. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करायचा आणि गाडीला पूर्ण फेरी मारून तिथेच आणून संपवायचा, मध्ये कट नाही. बंपरच्या खालची कड, चारही चाकांच्या रिमा, काचा, छप्पर. आत किलोमीटर, पेट्रोलचा काटा, फास्टॅगचा बॅलन्स, स्टेपनी, जॅक, पाना. गिऱ्हाइकालाही त्याच्या मोबाइलवर काढायला लाव. मी तर गाडी घेणाऱ्या बाईंना सांगते, तुम्हीच काढा, मी टॉर्च धरते. त्यांचा व्हिडिओ त्यांच्याकडे असला की परत येताना आवाज चढत नाही.

टॉर्चचं नीट सांगते, कारण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहाटे यार्डातल्या गाड्यांवर दव पडलेलं असतं. दव असलेल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही, ती सगळी सारखीच करडी दिसते. पावसातही तसंच, आणि पार्किंगच्या पिवळ्या दिव्याखाली तर विचारूच नकोस. त्यामुळे आधी सुती फडक्याने दारं पुसायची, मग टॉर्च समोरून न मारता दाराला चिकटवून तिरकी धरायची. उजेड पत्र्यावरून सरपटत जातो आणि पोचा असेल तिथे अडतो. बोट फिरवलंस तर नख लागतं. नख लागलं तर रंगाखाली गेलंय, नाही लागलं तर पॉलिशने जातं. गिऱ्हाइकाचे पाचशे जाणार की पाच हजार, ते या नखावर ठरतं.

गाडी परत आली की पहिल्यांदा सीटबेल्टच्या खाचेत बघ. वाळू तिथे असते. बसायच्या जागेवरची झटकून येतात, खाचेतली कुणी काढत नाही. मॅट उचलून गालिच्यावर तळवा दाब. ओला आणि चिकट लागला तर गाडी किनाऱ्यावर नेली होती असं समज. गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, तरी दर सीझनला रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने काढाव्या लागतात. खारं पाणी खालच्या पत्र्याला लागलं की गंज वर्षभरात दिसायला लागतो, तेव्हा गाडी नेणारा माणूस केव्हाच विसरलेला असतो. वाकून खाली बघायची सवय लाव. एकदा इंजिनखालचा ऑइलचा चेंबर दगडाला लागून तडकलेला होता, ऑइल थेंब थेंब गळत होतं, आणि आमच्यातल्या एकाने तीच गाडी धुऊन पुढच्या बुकिंगला दिली. चोर्ला घाटात इंजिन बसलं. आत म्हातारी माणसं होती. कुणाला काही झालं नाही, पण मी ती संध्याकाळ विसरलेले नाही.

आता पैशांचं, कारण तू ते विचारलंच नाहीस. रुजू होण्याआधी एक प्रश्न नक्की विचार: नजरेतून सुटलेलं नुकसान कुणाच्या पगारातून जातं? माझ्या पहिल्या ठिकाणी ते आमच्या पगारातून जायचं. जो गाडी परत घेईल आणि ओरखडा टिपणार नाही, त्याचे पैसे कापले जायचे. त्यामुळे काय व्हायचं? मुलं घाबरून प्रत्येक रेघ गिऱ्हाइकावर टाकायची. मीही टाकली आहे. कोल्हापूरचं कुटुंब होतं, पहाटेचं विमान, मागच्या दारावर हातभर लांब रेघ. मी डिपॉझिटमधले सहा हजार कापले. ते गृहस्थ म्हणाले, "ताई, ही आधीपासून होती हो." मी म्हटलं, फॉर्मवर नाही. त्यांनी वाद घातला नाही, विमान सुटत होतं. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या फोनमध्ये आधीच्या हँडओव्हरचा व्हिडिओ सापडला. रेघ होती, स्वच्छ दिसत होती. मी ऑफिसात दाखवली, तर उत्तर आलं की माणूस गेला, आता उकरू नकोस. मी दहा दिवस मागे लागले तेव्हा कुठे पैसे परत गेले. त्यांना फोन मी स्वतः केला, माफी मागितली. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडली.

कायद्यानेही असं सरसकट कापता येत नाही. नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालंय हे दाखवावं लागतं आणि त्याला आधी आपली बाजू मांडू द्यावी लागते. आत्ता जिथे आहे तिथे कापत नाहीत, आणि आमच्या फॉर्मवर गिऱ्हाइकावर टाकलेल्या खोट्या रेघा नाहीत. दोन्हीचा संबंध आहे.

दुसरं, गाड्यांच्या नंबरप्लेट बघून ये. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. यार्डात पांढऱ्या दिसल्या तर जाऊ नकोस, कारण आरटीओने धरलं की रस्त्यावर गिऱ्हाइकासमोर तूच उभा असशील.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झोप मिळत नाही. जून-जुलैत काम कमी, पण पाण्यात घातलेल्या गाड्या तेव्हाच येतात. प्रत्येकाला गाडी देताना सांगायचं की पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, आम्हाला फोन करा. पाणी इंजिनात गेल्यावर स्टार्टर मारला की रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही.

पेडण्याचा_टॅक्सीवाला

ताईंनी मनापासून लिहिलंय. एक बाजू माझीही ऐक. आमची जमीन या भागातली, विमानतळ आला तेव्हा टॅक्सीवर घर चालेल असं धरून कर्ज काढून गाड्या घेतल्या. प्रवासी बाहेर येऊन थेट काळ्या प्लेटची गाडी घेऊन जातो तेव्हा पोटात गोळा येतो. राग तुझ्यावर नाही, तू नोकरी करतोयस. पण पार्किंगमध्ये आमच्यातला कुणी तोडून बोलला तर उलट बोलू नकोस. नाव सांग, गाव सांग, चहा घे. आणि रस्ता माहीत नसलेल्याला रात्री एकटं गाडी घेऊन सोडू नकोस, अशा वेळी आम्हाला हाक मार.

पुण्यातून_क्लेमवाला

पुढे वाव आहे का, यावर लिहितो. मीही हँडओव्हरलाच सुरुवात केली, आता पुण्यात गाड्यांचे कागद आणि विम्याचे क्लेम बघतो. बीकॉम इथे उपयोगी पडतं. भाड्याच्या नव्या गाडीला दोन वर्षांचं फिटनेस सर्टिफिकेट मिळतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी करायचं, त्यानंतर दरवर्षी. पीयूसी, परमिट, विमा, प्रत्येकाची तारीख वेगळी. एक चुकली तर गाडी उभी. दंडाची चलनं गिऱ्हाईक घरी पोचल्यावर महिन्याने येतात, आणि गाडी कोण चालवत होतं ते मालकानेच सांगायचं असतं. करारावर वेळ आणि सही नीट नसेल तर दंड कंपनीच्या गळ्यात. पहिल्या वर्षी रोज अर्धा तास ऑफिसातल्या कागदवाल्या माणसाजवळ बस. कुणी सांगणार नाही, स्वतःहून बस.

कुडाळचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. आज फोन करून विचारलं. प्लेट सगळ्या काळ्या आहेत, फोटो पाठवले. पगारातून कापण्याबद्दल आधी म्हणाले "तसं काही नसतं". लेखी द्याल का म्हटल्यावर बाई जरा थांबल्या, मग म्हणाल्या नेमणूक पत्रात टाकू. ताई, एवढं पुरे का? आणि पहिल्या दिवशी सोबत काय नेऊ?

बांद्याची_ताई

पत्र हातात आल्यावर वाच, मगच सही कर. "कंपनीच्या नियमानुसार कपात" असं मोघम वाक्य असेल तर ते नियम कुठे लिहिलेत ते मागून घे. आईलाही वाचून दाखव.

सोबत दोन सुती फडकी ने. जाड तळाचे बूट घाल, यार्डात खडी असते. आणि टॉर्च स्वतःची, मोबाइलची नको, मोबाइल व्हिडिओत अडकलेला असतो.